पहारेकरीण

रविवारी वसाहतीच्या सभागृहात फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या खेळात ज्याचा कागदावरचा वीर बुरूज चढून गेला, तो माणूस सोमवारी खराखुरा पाइप धरून गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढायचा, आणि त्याचं आता कुणाला नवल वाटत नसे. फासे टाकताना कपाळावर पट्टी असायची. एखादं काम करतोय अशी मनापासून कल्पना केली की मेंदू त्याची थोडी तालीम करतोच. पट्टी ती तालीम अंगात पक्की करायची, पाकात कैरी मुरावी तशी. म्हणून तिला सगळे ‘मुरवण’ म्हणत.

त्या टेबलाची सूत्रधार केतकी. गोष्ट ती सांगायची, संकटंही तीच उभी करायची.

“सर, पहारा हे कौशल्य कुणीच घेत नाही,” ती खेळाचे नियम रचणाऱ्या डॉ. मोघ्यांना म्हणाली.

“कोण घेईल? सगळ्यांना तलवार हवी. पहारेकऱ्याला मिळतं काय, तर ‘पावलं ऐकू आली’. संपलं!”

“मग तेही शूराचं काम करा ना. संकट यायच्या आधी कळायला हवं. भिंतीपलीकडचंसुद्धा.”

मोघे खुलले. “होईल की! श्वास बदलतो, स्टूल सरकतं, ते कानावर पडतंच. मेंदू फेकून देतो. फेकणार नाही असं करू.” मग चष्मा पुसत म्हणाले, “पण खेळ संपला की म्यान घालायचं. म्हणजे कौशल्य गरजेपुरतंच उघडेल, एरवी मिटलेलं राहील, असं वाक्य सूत्रधाराने म्हणायचं. महिन्याभरात ते झालं नाही, तर माणूस जन्मभर पहाऱ्यावर. विसरू नका.”

“मी काही विसरत नाही, सर.”

खरंच विसरत नव्हती. सात महिन्यांपूर्वी तळमजल्यावरच्या पाळणाघरात तिच्या दोन वर्षांच्या लेकीने, रेवाने, तापल्या तव्यावर हात टेकवला होता. सांभाळणाऱ्या कुमुदताई खुर्चीत पेंगत होत्या. “डोळा लागला हो जरा,” एवढंच म्हणाल्या. समितीने समज देऊन सोडून दिलं. रेवाची दोन बोटं मात्र सरळ होत नव्हती. केतकी रोज त्यांना तेल चोळायची आणि घोकायची: त्या बाईचा डोळा पुन्हा लागता कामा नये.

“मला बोलावलंत?” कुमुदताई टेबलाशी येऊन हरखल्या. “मला वाटलं, तोंडही बघणार नाही माझं.”

“बसा ना. तुमच्यासाठी खास भूमिका आहे.”

जंगलातून चाललेल्या तांड्यातली लेकरं कुमुदताईंनी रात्रभर राखली. शेवटी त्या रडल्यासुद्धा. केतकीने सगळ्यांना म्यान घातलं. कुमुदताईंची पट्टी मात्र ते वाक्य न म्हणता तशीच, हसत हसत, हलक्या हाताने सोडली.

तीन आठवड्यांत झोपेविना कुमुदताईंचे डोळे खोल गेले. केतकी येताजाता ते डोळे बघायची, आणि तिचा घास गोड व्हायचा.

मग एका दुपारी, केतकी आपल्या घरात फोडणीकडे वळलेली असताना दार धाडकन उघडलं. तळमजल्यावरून अनवाणी धावत आलेल्या कुमुदताईंनी गॅलरीच्या कठड्यावरून रेवाला ओढून घेतलं.

“स्टूल सरकलं, तेव्हाच निघाले,” त्या धापा टाकत म्हणाल्या.

केतकी गॅस बंद करून धावत आली. “चला, आत्ताच म्यान घालते. माझ्याकडून... राहून गेलं.”

“राहून नाही गेलं. खोटं बोलताना तुमचा श्वास अडकतो. कळतं आता मला.” रेवाची आखडलेली बोटं त्या कुरवाळत होत्या. “नका मिटवू ते. तव्याच्या वेळी हे असतं तर?”

दुसऱ्याच दिवशी केतकीने दाराला दोन कड्या बसवून घेतल्या. म्यान न घालताच महिना सरला.

रेवा खेळता खेळता पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. केतकी धावली, “आले गं राणी!”

रेवा रडली नाही. वसाहतीतली मुलं आताशा रडतच नव्हती. हाक मारायची गरजच उरली नव्हती. आईच्या हातातून अंग सोडवून घेत ती बंद दाराकडे बघत राहिली.

दारापलीकडे कुणीतरी आधीच येऊन उभं होतं.