डायरेक्ट

मुबारकनं बॅटरी तपासली. साडेबारा व्होल्ट. फ्यूज शाबूत, रिले नवा, प्लग काढून पाहिले तर कोरडे. तरी बटण दाबलं की वॉटर स्कूटर नुसती 'टक' करायची आणि गप्प बसायची. मस्तगडातल्या गॅरेजात वीस वर्षं पंप आणि मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हा सरळ अपमान होता.

परतूरजवळच्या धरणाच्या काठाशी, कमरेइतक्या पाण्यात ती तरंगत होती. बोटिंगचा हा धंदा अमनचा. चार वाजता चौकशीचे साहेब येणार होते आणि तीन वाजून गेले होते.

चौकशी शालूच्या मृत्यूची. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी बांधतात. माणूस पडला की दोरीच्या टोकाची क्लिप स्विचमधून निघते आणि इंजिन बंद पडतं. तीन आठवड्यांपूर्वी गिऱ्हाईक म्हणून आलेली शालू पडली तेव्हा ते बंद पडलं नाही. रिकामी स्कूटर वळली आणि तिच्या अंगावरून गेली. गिऱ्हाईकं दोऱ्या हरवतात म्हणून उन्हाळ्यात मुबारकनंच दोन वायरी जोडून स्विच डायरेक्ट करून दिला होता, म्हणजे दोरी नसली तरी इंजिन चालावं. चहा पिता पिता केलेलं काम. आज आल्या आल्या त्यानं तो जोड आधी उपटला. शालूचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. भीती होती ती तुरुंगाची.

"झालं का, मुबारकभाई?" अमन पाण्यात उतरला. "क्लिप लावली की चालू, काढली की बंद. येवढंच दाखवायचं हाय. मंग पोरीनंच दोरी बांधली न्हवती म्हणता येतं."

"करून राह्यलो ना. जल्दी केली तर बिघडंल."

दोरीचा पट्टा मधे मधे येत होता, म्हणून त्यानं तो मनगटाला गुंडाळला आणि बटण दाबलं. इंजिन झटक्यात सुरू झालं. पट्टा काढला, बंद. अमनच्या मनगटाला बांधला. टक. पुन्हा स्वतःच्या. सुरू.

"ह्याच्यात वायरच न्हाई," मुबारक म्हणाला. "नुसतं नायलॉन हाय."

"मंग तुमीच बांधून बसा. चालतंय ना, बस झालं." अमन हसत काठावर गेला.

मुबारक सीटवर बसला आणि चाचणी म्हणून त्यानं क्लिप ओढली. इंजिन थांबलं.

त्याचा श्वासही थांबला. पाण्याचा आवाज गेला. मनगटावर बोट टेकवलं, नाडी नव्हती. डोळ्यांपुढं अंधारत असताना त्यानं चाचपडत क्लिप परत खोचली. बटण न दाबताच इंजिन सुरू झालं आणि छातीत पुन्हा ठोका पडला.

त्यानं पट्टा ओढला. निघेना. पकडीनं कापायला गेला. पट्ट्यावर ओरखडाही उठला नाही, कातडी मात्र सोलली.

काठावर जीप थांबली. साहेब उतरले, मागून शालूचे वडील रामराव.

"चालू आहे ना? छान," साहेब फाईल उघडत म्हणाले. "आता ती क्लिप काढून दाखवा."

"साहेब, क्लिप राहू द्या."

"का? काही गडबड केलीय का यात?"

अमननं त्याच्याकडं रोखून पाहिलं. रामरावही पाहत होते. 'स्विच मीच डायरेक्ट केला होता', एवढं एक वाक्य बोललं असतं तर जीव वाचला असता. त्या वाक्यापुढं तुरुंग होता.

"न्हाई साहेब," मुबारक म्हणाला. "सगळं बराबर हाय."

"मग काढा. आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. आपोआप सुरू होत नाही ना, तेही लिहावं लागतं."

मुबारकचा हात उचलेना. तेव्हा अमन पाण्यात आला, वाकून त्यानं क्लिप काढली आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं.