तांदळातलं नाव

दाराला कडी, कडीखाली खुर्ची, खुर्चीवर दळणाचा भरलेला डबा. ते सगळं बाजूला होईस्तोवर सब-इन्स्पेक्टर कल्पिता भोईर पाच मिनिटं बाहेरच उभी. पोरगी चार दिवस खोलीबाहेर पडली नाही, असा घरमालकीण मंदाकिनीबाईंचा फोन आलेला.

आत शेवंती बॅग भरत होती.

"कुठे निघालीस?"

"मोहने गावी, नवऱ्याकडे. त्यानं हुडकलंच ना मला. आणखी चिडायच्या आत गेलेलं बरं."

नवरा सुदेश मारायचा म्हणून ती तीन महिन्यांपूर्वी वर्तकनगरात पळून आलेली. नेटवर आपला नंबर-पत्ता जिथे जिथे असेल तिथून पुसून देणारी एक सेवाही तिनं पैसे भरून घेतलेली. तरी दाराखालून छापील चिठ्ठी आलीच. 'रसिला, वर्तकनगरात लपलीस तरी मी येणार.'

"रसिला कोण?"

"मीच. लग्नात माझं नाव बदलून रसिका ठेवलेलं. मला चिडवायला रसिला केलं असेल."

"नाव ठेवलं कोणी?"

"त्यानंच. ताटातल्या तांदळात स्वतःच्या बोटानं लिहिलेलं."

"कागदोपत्री?"

"शेवंतीच. इथे रसिका कोणालाच माहीत नाही."

कल्पिताने तिच्या मोबाईलवर सेवेचा फॉर्म उघडला, नीट वाचला आणि ती सेवा विकणाऱ्या हितेशला बोलावून घेतलं. स्वारी अर्ध्या तासात हसतमुखाने हजर.

"ताई, छोट्या प्लॅनमध्ये एवढंच होतं. मोठा घ्या, नवऱ्याला काय सापडतंय बघतोच मी."

"बस," कल्पिता म्हणाली. "स्वतः ठेवलेलं नाव नवरा चुकेल का रे? मलाही आधी चिडवणंच वाटलेलं. पण 'इतर नावे' या रकान्यात हिनं घाईत रसिकाचं रसिला टाइप केलंय. ती चूक फक्त तुझ्या फॉर्मात आहे. खाली नवा पत्ताही आहे. काय पुसायचं ते सगळं आधी तुलाच लिहून द्यायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! चिठ्ठी तू टाकलीस, मोठा प्लॅन खपवायला."

हितेशचं हसू मावळलं. "टार्गेट होतं, मॅडम. नुसती चिठ्ठीच तर टाकलेली."

"म्हणजे सुदेशला माझा पत्ता माहीत नाही?" शेवंतीने विचारलं.

"नाही," कल्पिता म्हणाली.

शेवंती हितेशसमोर येऊन उभी राहिली.

"नुसती चिठ्ठी? अरे, मी आपल्या पायांनी त्याच्या दारात जाणार होते. त्यानं मला जिती ठेवली नसती."