हजेरीतलं नाव

मालक, तुम्ही मेलेल्या बाईचं नाव विकलंत. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, पण यातला शब्दन् शब्द घडलेला आहे.

१९७३. दुर्गापूजेची सप्तमी. कलकत्त्यातला चितपूर रोड, जात्रा कंपन्यांची पेठ. दुपारचे चार.

माझी कालिंदीमावशी तुमच्या जात्रा कंपनीत नटी होती. गावोगाव मांडव घालून बंगाली नाटकं व्हायची, ती जात्रा. दहा वर्षं तिनं दासी केली, सवत केली, म्हातारी केली. जन्म कलकत्त्यातला, बंगाली फर्डं बोलायची. वाचता मात्र येत नव्हतं. संवाद ऐकून पाठ करायची.

करारही तिनं ऐकूनच केला.

मॅनेजर श्यामसुंदरबाबूंनी वाचून दाखवला. "नायिकेचं काम, दीदी. अख्खा हंगाम!"

"पोस्टरवर नाव माझंच ना?"

"मग काय माझ्या आजीचं?"

तिनं अंगठा उठवला.

पोस्टर लागलं... फोटो प्रेमलतादेवीचा, नावही तिचंच.

प्रेमलतादेवी, तुमची गाजलेली नायिका, रथयात्रेनंतर आठवड्यात वारली होती. पण रथयात्रेलाच गावोगावच्या मंडळांनी तिच्या नावावर खेळ ठरवले होते. म्हणून तुम्ही तिचं मरण दडवलंत.

"कलम सातवं," श्यामसुंदर दात कोरत म्हणाला. "नाव कंपनी ठरवील. तेवढं वाचायचं राहिलं बघा."

"मी सोडून जाते."

"जा की! करार मोडलेल्या नटीला चितपुरात कोण दारात उभं करतं ते बघू."

मावशी थांबली. तुम्ही तिला पोलकंही मेलेलीचंच दिलंत. न धुतलेलं. काखेत पिवळे डाग, गळ्याशी पानाची पिंक. शी!  मावशीनं ते दोनदा साबणानं धुतलं, कडक उन्हात वाळवलं.

सप्तमीला कंपनीच्या बसमध्ये बसून तिनं बोचकं सोडलं.

पोलक्याची काख ओली होती...

आणि कोमट.

श्यामसुंदर बसच्या दारात उभा राहून हजेरी घेत होता.

"प्रेमलता!"

मावशी मुद्दाम गप्प बसली.

"आछी..."

उत्तर मागच्या सीटवरून आलं. मागच्या सीटवर नुसत्या ट्रंका होत्या.

श्यामसुंदरनं वर न बघताच यादीत खूण केली.

मावशी ताडकन उठली. "माझं नाव घ्या! यादीत लिहा, कालिंदी!"

"बरं बाई. कालिंदी!" तो हसला.

तिनं तोंड उघडलं...

आवाज फुटलाच नाही.

"गैरहजर," श्यामसुंदर म्हणाला. सगळे हसले.

पोलकं तिथंच फेकून ती उतरली. नायिका उतरून चालली होती, तरी कुणी अडवलं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही.

बस बर्दवानला गेली.

त्या रात्री मावशी कलकत्त्यातच, गार्डन रीचला, आमच्या घरी, माझ्या आईशेजारी झोपली होती. आई रात्रभर जागी होती. मावशी जागची हलली नाही.

सकाळी श्यामसुंदर दारात. हातात संदेश मिठाईची पेटी.

"दीदी, काल बर्दवानला काय काम केलंत! बायका हुंदके देऊन रडल्या. आज परत चारला बस, बरं का."

मग त्यानं बगलेतून एक पुडकं काढलं.

"पोलकं बसमध्ये विसरलात. धुऊन घ्या. घामानं चिंब झालंय..."

मावशीनं जात्रा सोडली. दुसऱ्या कुठल्या कंपनीनंही तिला घेतलं नाही. पोस्टरवर तिचं नाव कधी लागलंच नाही. ती आमच्याशी बोलते, भांडते. पण अजूनही कुणी "कालिंदी" अशी हाक मारली, की तिच्या तोंडून ओ येत नाही.

मालक, त्या रात्री बर्दवानला तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता.

मांडवात कोण उभं होतं?

उत्तर द्या.