शिशाच्या पट्टीच्या वर

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा सार्जंट मॅलकी कॉन्सिडाइन टेबलावर दोन कप मांडून बसला होता. त्याची बायको नूला फेब्रुवारीत वारली. आता ऑगस्ट निम्मा सरला, तरी हाताची सवय काही जात नव्हती.

"सार्जंट, भिंत परत खाली आली." फोनवर फिन्टन टॉल्टी होता. काहरबॉन या आयरिश गावातल्या जुन्या गढीची भिंत नव्याने उभी करणारा गवंडी.

"पडली, की पाडली?"

"पाडली. मी बांधलेली भिंत पडत नाही. पण हे पुरातत्त्व खात्याच्या इंजिनिअरला कोण पटवणार? उद्या दहाला येतोय तो. तिसरी वेळ म्हटल्यावर माझ्या हातातनं काम काढून घेतील. मग या क्लेअर परगण्यात मला कुणी गोठ्याची भिंतसुद्धा बांधू देणार नाही."

"हात लावू नकोस कशाला. आलोच."

गढी टेकडीवर होती. बिनचुन्याच्या दगडांचं मोठं गोल कडं. बारा-तेराशे वर्षांपूर्वी एक कुटुंब आपली गुरं घेऊन आत राहत होतं. ते गेल्यावर ती जागा 'भल्या माणसां'ची, म्हणजे जमिनीखालच्या अदृश्य लोकांची झाली. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. आत पाऊलही टाकत नसे.

ईशान्येला चार पावलांचा तुकडा खाली आला होता. मॅलकी वाकला.

दगड विखुरलेले नव्हते. गवतावर ओळीने मांडून ठेवले होते. दगडफूल चढलेली बाजू खाली होती आणि कोरी बाजू वर.

"प्रत्येक वेळी असेच ठेवलेले असतात?"

"हो. माझी चेष्टा करतंय कुणीतरी."

"आणि ही काय आहे?" मॅलकीने उरलेल्या भिंतीवर बोट ठेवलं. दोन थरांमध्ये एक राखाडी रेघ दिसत होती.

"शिशाची पट्टी. तिच्या खाली जुनं काम, वर माझं. उद्या कुणाला कळायला हवं ना, कुठवर आजोबांचं आणि कुठून पुढे नातवाचं."

"तिन्ही वेळा पाडणारा या पट्टीपाशीच थांबला?"

फिन्टनने डोकं खाजवलं. "खरंच की. खालचा एक दगड हललेला नाही."

"पट्टीचा अर्थ कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. खात्याच्या ऑर्लाबाईंना. माझ्या दोन माणसांना. पण ते शनिवारी दुपारीच गॉलवेला घरी जातात."

भिंतीच्या पायाशी माती ओली होती. तिच्यात दोन उथळ खळगे होते, शेजारी शेजारी. मॅलकीने बोट फिरवलं. तळाशी गोणपाटाची वीण उमटली होती.

त्याला ते खळगे ओळखीचे वाटले. नूलाच्या थडग्यावरचं तण काढताना तोही गोणपाट अंथरून बसायचा. उठला की अस्सेच दोन खळगे मागे राहायचे.

गावात सगळ्यांनी एकच नाव घेतलं. पॅकी ग्रिफी. गढीला हात लावाल तर भली माणसं सूड घेतील, असं तो दारूच्या गुत्त्यात पहिल्या दिवसापासून ओरडत होता.

पॅकी दारातच बसला होता. एक पाय सरळ पुढे, काठीसारखा.

"या साहेब! बेड्या आणल्यात का? माझ्या मापाच्या आहेत ना?"

"भिंत तू पाडलीस?"

"हा पाय बघा. ट्रॅक्टरखाली आल्यापासून वाकत नाही. देवापुढे वाकत नाही, तर टॉल्टीच्या भिंतीपुढे काय वाकणार!"

"म्हणूनच रविवारी चर्चात मिस्सेला येत नाहीस?"

"ते एक, आणि पाद्रीबाबांचा आवाज दुसरं." पॅकी हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खोटं नाही सांगत, मॅलकी. काल घंटा झाल्यावर कुत्र्याला घेऊन तिकडून गेलो. आख्खा गाव चर्चात. आणि आत दगडाला दगड लागल्याचा आवाज. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्."

"बघितलं नाहीस?"

"वेडा आहे का मी? भल्या माणसांच्या कामात कोण डोकावतं?"

"भली माणसं गोणपाट घेऊन येत नाहीत, पॅकी."

डॉ. ऑर्ला मॅरिनन पुरातत्त्व खात्याची. हुशार, आणि तीन रविवारांनी पार कावलेली.

"तुम्ही शनिवार-रविवार कुठे असता?" मॅलकीने विचारलं.

"डब्लिनला. माझ्या मुलाकडे. चौकशी करा हवं तर."

"राग मानू नका. ईशान्येच्या तुकड्याला दगड कुठून आणले?"

"बाहेरचा एकही वापरायचा नाही, हा नियमच आहे. गढीत पडलेलेच वापरले. त्या कोपऱ्यात काटेरी झुडपांखाली बरेच सुटे होते. जूनमध्ये साफ केला तो. त्या आठवड्यात मी दुसऱ्या कामावर होते. फिन्टनने काढले."

"तिथे कुणाला पुरलेलं असेल, असं नाही वाटलं?"

"काम सुरू करण्याआधी मी घरोघर जाऊन विचारलंय, सार्जंट. एकूणएक घर. सगळे नाही म्हणाले. एकाने जरी हो म्हटलं असतं, तरी मी खडासुद्धा हलवू दिला नसता."

"नाही म्हणताना कुणी तुमच्याकडे बघत होतं?"

ऑर्लाने मनाशी एकेक घर आठवलं.

"फिन्टनच्या आईंनी चहा दिला," ती हळू म्हणाली. "दगड म्हणजे दगड, दुसरं काय असणार, असं म्हणाल्या. चुलीकडे तोंड करून."

दुपारी फिन्टन गढीच्या बाहेर डबा उघडून बसला होता. सोडा ब्रेड, लोणी, थंड चहा. त्याला काही जात नव्हतं.

"आईने दिलाय?" मॅलकी शेजारी टेकला.

"आणखी कोण देणार? चौऱ्याऐंशीची झाली, अजून बटाटे स्वतः खणते. रात्री जेवताना सगळं विचारून घेते. आज कुठवर आलास, कुठला दगड कुठे बसवलास. माझ्या कामात इतकं लक्ष तिने कधीच घातलं नव्हतं."

"हल्ली चर्चात दिसत नाहीत. मी रविवारी दारातच उभा असतो, गाड्या लावून देत."

"शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जाते आता. रविवारी गर्दी सोसत नाही म्हणते. तीन-चार आठवडे झाले."

मॅलकीने गवताची काडी तोडली. पुढचं विचारावंसं वाटत नव्हतं.

"कोपऱ्यातले ते दगड. पडलेले होते, की रोवलेले?"

"काही उभे होते. किडक्या दातांसारखे, अर्धे मातीत. वरून पडताना रुतले असतील म्हटलं. मला काय ठाऊक? लहानपणी मी गढीच्या जवळ गेलो तरी आई वेताने फोडायची. भली माणसं नेतील म्हणायची."

"फिन्टन, संध्याकाळी घरी थांब. मी येतो."

"कोण आहे ते कळलं तुम्हाला?"

"कळलं. आईलाही थांबायला सांग."

संध्याकाळी फिन्टनच्या आईने, पेग टॉल्टीने, तीन कप मांडले होते. मॅलकी टोपी मांडीवर घेऊन बसला.

"सांग रे बाबा," ती त्याला म्हणाली. "माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

फिन्टनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मॅलकीकडे.

"भिंत पाडणाऱ्याला भिंतीचा राग नव्हता," मॅलकी म्हणाला. "राग असता तर दगड फेकले असते. इथे एकेक उचलला, उलटा केला, पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणजे दगडाच्या खालच्या अंगावरची काहीतरी खूण शोधायची होती. शिशाच्या पट्टीखाली हात लागला नाही, म्हणजे तो दगड यंदाच भिंतीत गेलाय हे माहीत होतं. पट्टी कशाची हे चौघांना ठाऊक. त्यातले तिघे रविवारी इथे नसतात. चौथा तू. पण तू घरी येऊन सगळं सांगतोस."

फिन्टनने पुढ्यातला कप बाजूला सरकवला.

"पॅकीने आवाज ऐकला तो मिस्सेच्या वेळी. पॅकीचा गुडघा वाकत नाही, आणि पाडणारं माणूस गुडघे टेकून बसलं होतं. रविवारची सकाळ मोकळी हवी म्हणून कुणीतरी शनिवारची मिस्सा धरली होती."

"आई?" फिन्टनचा आवाज चिरकला. "माझं नाव मातीत गेलं असतं उद्या! तू? का?"

"त्या कोपऱ्यातले दगड गढीचे नव्हते, थडग्यांचे होते," मॅलकी म्हणाला. "बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पाद्री दफनभूमीत जागा देत नसत. बाप खोक्यात घालून कुठेतरी न्यायचा. बहुतेक अशाच एखाद्या गढीत, कारण तिथे कुणी नांगर घालत नाही. प्रत्येक गावाला अशी जागा असते, फिन्टन. आणि गावातलं कुणीही ती दाखवत नाही. लाजेने. ऑर्लाबाईंना सगळे नाही म्हणाले ते म्हणूनच."

पेग बोलू लागली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"तुझ्याआधीचं बाळ. तुझ्या बाबांनी नेलं. मला उठू दिलं नाही. चहाच्या खोक्यात. पाद्रीबाबांना दिसू नये म्हणून दगडाच्या खालच्या अंगावर खिळ्याने क्रूस ओढला आणि रोवला. मला कोपरा सांगितला, दगड सांगितला. जूनमध्ये तुझं काम बघायला आले, तर कोपरा साफ. नुसती माती."

"मला सांगायचंस ना!"

"कुठल्या तोंडाने सांगू? तू शीळ घालत काम करत होतास. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि ते दगड तूच वेचले होतेस, आपल्या हातांनी. म्हटलं, गुपचूप शोधावा, परत रोवावा, आणि तुला कळूच नये. तीन रविवार शोधला. सापडतच नाही रे."

फिन्टनने दोन्ही हात टेबलावर ठेवले. जाड, तडे गेलेले हात.

"खिळ्याचा क्रूस," तो म्हणाला. "पांढरी शीर असलेला? पावाएवढा?"

पेगने होकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा उजळला. मॅलकीला ते बघवलं नाही.

"मला आठवतो तो. कसला तरी जुना ओरखडा समजलो मी." फिन्टनने हात मागे घेतले. "तो बसत नव्हता, आई. मी... हातोडा घातला. दोन तुकडे करून भिंतीच्या पोटातल्या भरावात टाकला. म्हणून तुला सापडला नाही. तू अख्खा दगड शोधत होतीस."

चूल धुमसत राहिली. पेगने कप सरळ केला.

"दोन तुकडे," ती म्हणाली. "असू दे. एक त्याच्यापाशी रोव. दुसरा ठेवून दे. माझ्या वेळी माझ्यापाशी घाल."

"नाव काय होतं त्याचं?" फिन्टनने विचारलं.

"नाव ठेवूच दिलं नाही त्यांनी."

"पण तू? मनातल्या मनात?"

पेगने मुलाकडे पाहिलं. असं, की त्याच्या मागे आणखी कुणी उभं असावं.

"फिन्टन," ती म्हणाली. "तू आलास तेव्हा ते नाव वाया जाऊ नये वाटलं."

मॅलकी उठला. टोपी घातली, पुन्हा काढली. "भिंत उत्तम होती, माणसाने हाताने उतरवली, असं मी इंजिनिअरला सांगेन. कुणी आणि का, ते ऑर्लाबाईंना कळायला हवं. कोपरा परत लावायचा तर त्यांच्याशिवाय होणार नाही."

"माझं नाव सांग," पेग म्हणाली. "लपवू नकोस. पुष्कळ लपवून झालं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता इंजिनिअर टेकडी चढून आला. भिंत कालच्यापेक्षा आणखी उतरली होती. दगड गवतावर ओळीने मांडलेले होते. ऑर्ला ते एकेक उचलून कोपऱ्याकडे नेत होती. पॅकी ग्रिफी दूर कुंपणाशी उभा होता. त्याने टोपी काढली होती.

"हे काय चाललंय?" इंजिनिअरने विचारलं. "भिंत कोण पाडतंय?"

"ज्याने बांधली, तोच," मॅलकी म्हणाला. "जरा थांबा इथे. मोठ्याने बोलू नका."

आत पेग खुर्चीवर बसली होती. तिच्या ओच्यात अर्धा दगड होता. फिन्टन भिंतीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून दुसरा अर्धा शोधत होता. त्याच्या गुडघ्यांखाली मॅलकीचं गोणपाट होतं.