फलकावरचा फोन नंबर

"अजून दहा फेऱ्या! रडायचं असेल तर घरी जाऊन रड!"

सरांची शिट्टी वाजली आणि ढब्बू उजवा हात नुसता ओढत पुन्हा पोहू लागला. आठवडाभर त्याचा खांदा ठणकत होता. काठावर उभ्या असलेल्या त्याच्या मैत्रिणीचं, मासोळीचं डोकं भणभणलं. सुट्टीत पोहायला आलोय की शिक्षा भोगायला?

"घरी सांग ना!" तो बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"वेडी आहेस का? घरी कळलं तर संघातून नाव कापीन, असं सरांनी बजावलंय!"

मासोळीचा मामेभाऊ, चष्म्यामुळे सगळ्यांचा 'प्रोफेसर', क्लबच्या दाराजवळचा फलक वाचत होता. "अरे, हे बघा! 'मुलांनो, कुणी त्रास दिला तर आमच्या ताईंना फोन करा.' खाली नंबरही आहे!"

मासोळीनं घरी जाऊन आईच्या फोनवरून तो नंबर लावला. पलीकडच्या बाई चमकल्याच. "अगं बाळा, ते काम सोडून मला तीन वर्षं झाली! नंबर पुसा म्हणून क्लबला दोनदा कळवलंय."

दुसऱ्या दिवशी क्लबच्या कारकून काकांनी मानही वर केली नाही. "फलकावर लिहिलंय ना? तिथे फोन करा."

"पण काका, त्या ताई..."

"मला कामं आहेत!"

सचिव म्हणाले, "आधी स्पर्धा होऊ दे, मग बघू." मासोळीचे बाबा तर वर्तमानपत्राआडूनच बोलले, "खेळात थोडं सोसावं लागतं, बेटा."

"भिंतीशी बोललेलं परवडलं!" मासोळीनं पोहायची पिशवी आपटली.

"मोठ्यांना आपलं ऐकू येत नाही," प्रोफेसर म्हणाला, "पण एकमेकांचं येतं. शनिवारी जलतरण संघटनेच्या तपासनीस बाई येणार आहेत!"

शनिवारी सचिव तपासनीस बाईंना ऐटीत फलक दाखवत होते. "मुलांसाठी आमच्याकडे खास ताई आहेत. फोन केला की हजर!"

"मग आत्ताच लावून बघा ना, मॅडम!" मासोळी पुढे झाली.

"हॅ हॅ, मुलं म्हणजे..." सचिव हसेपर्यंत बाईंनी नंबर लावून स्पीकर सुरूही केला होता. "क्लबच्या ताई बोलताय का?"

"पुन्हा क्लबचाच फोन?" पलीकडून आवाज आला. "तीन वर्षांपूर्वीच सोडलंय मी ते काम! परवा एका मुलीनंही फोन केला होता. तिचं कुणी ऐकलं की नाही?"

सचिवांचा चेहरा पडला. तपासनीस बाई वळल्या. "कोण ती मुलगी?"

मासोळीनं हात वर केला आणि ढब्बूनं खांद्यावरचा टॉवेल बाजूला केला. खांदा टम्म सुजला होता! "असंच पोहायला लावतात सर!" तो म्हणाला.

त्याच दिवशी सरांना चौकशी होईपर्यंत तलावाकडे फिरकायची बंदी झाली. डॉक्टरांनी ढब्बूला महिनाभर विश्रांती सांगितली. नव्या ताई तर रोज तलावाच्या काठीच बसू लागल्या.

"शाबास! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," तपासनीस बाई तिघांना म्हणाल्या.

घरी ते कळल्यावर बाबांनीही मासोळीची पाठ थोपटली. तिला मात्र हसू आलं नाही.

"बाबा, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. "चुकलंच माझं. आता सांग, अगदी पहिल्यापासून."

मासोळीनं सांगायला सुरुवात केली. या वेळी मध्ये कुणीच बोललं नाही.