गाळलेलं फाटक

"थांब थांब वाटसरा, पुढे लोखंडाची वाट...
तुझ्या घरच्या दिव्यात, अजून आहे रे वात..."

हा आवाज मी सहा वर्षांचा असताना ऐकलाय. रेल्वे फाटकावरचा माणूस चाक फिरवत फाटक खाली घ्यायचा आणि हे गुणगुणायचा. आम्ही पोरं त्याला फाटकमामा म्हणायचो.

चाळीस वर्षांनी तोच आवाज मी माझ्या घरात ऐकला.

खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. मी काही कुणाच्या गळ्यात मारायला बसलेलो नाही. आणि रात्रही नव्हती... रविवारची दुपार होती. चारला वीस कमी. बाहेर लख्ख ऊन. शेजारी कुणीतरी गाडी धूत होतं.

माझे बाबा स्टेशनमास्तर होते. छत्तीस वर्षं नोकरी, नावावर एक डाग नाही. ते गेल्यावर मी ठरवलं, घरातल्या रिकाम्या खोलीत त्यांचं स्टेशन उभं करायचं. खेळण्यातली आगगाडी नव्हे. हुबेहूब. तेच फलाट, तेच सांधे, तोच सिग्नल. जुने रेल्वेवाले बघायला येणार होते. दारावर बाबांच्या नावाची पाटी लागणार होती.

"लोकांचे नवरे चाळिशीत चष्मा लावतात," बायको म्हणाली, "माझा रूळ लावतोय!"

मी नकाशे काढून पोट भरतो. त्यामुळे कागदापासूनच सुरुवात केली. माझ्या मापात एक फूट म्हणजे खरे सत्त्याऐंशी फूट. खोली बारा फुटी. स्टेशन कसंबसं बसलं. पण फाटक अर्धा मैल लांब. त्याला तीस फूट भिंत हवी.

अशा वेळी काहीतरी गाळावंच लागतं.

आई नकाशा बघायला आली. बराच वेळ उभी राहिली.

"फाटक घेतलं नाहीस ना?"

"मावत नाही गं."

"मावलं तरी घेऊ नकोस. बाकी सगळं घे. तेवढं सोड."

मी सोडलं. कारण मलाही थोडंफार ठाऊक होतं. त्या फाटकावर एकदा दुधाचा टेम्पो गाडीखाली गेला होता. फाटक उघडं होतं. टेम्पोवाला जागीच गेला. दोष फाटकमामावर आला, नोकरी गेली, आणि वर्षाच्या आत तो खंगून मेला. आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

दुसऱ्या दिवशी नकाशा पाहिला...

रूळ जिथे फाटकाच्या दिशेने भिंतीकडे वळतो, तिथली वीतभर रेघ नव्हती.

खोडल्याची खूण नाही. खोडरबराचा कण नाही. कागद कोरा, गुळगुळीत. जणू तिथे पेन्सिल कधी टेकलीच नव्हती.

मी परत काढली. सकाळी परत नाही.

"घरात उंदीर झालेत," मी म्हणालो.

"शिकलेले दिसतायत," बायको म्हणाली. पण हसली नाही.

मग मी फळ्या ठोकल्या, कागद त्यावर अंथरला, रूळ नुसते मांडले. रूळ दारावरूनही जात होता, म्हणून तिथे एक बिजागरीची फळी ठेवली... उचलायची, आत जायचं, खाली टाकायची. त्या रविवारी पहिलं इंजिन सोडलं.

फलाट सोडला... सांधा ओलांडला... वळणापाशी आलं...

थांबलं.

तार नीट. वीज नीट. पुढे ढकललं तर चालायचं. मागून आणलं की तिथेच थांबायचं.

सात वेळा.

आठव्या वेळी मी वाकून पाहत होतो. आणि गाडी धुण्याचा आवाज बंद झाला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. माझा श्वाससुद्धा मला ऐकू येईना.

मग... गुणगुणणं.

तेच. "थांब थांब वाटसरा..." पण त्यात आता माया नव्हती. दात-ओठ खाऊन कुणी अंगाई म्हणावी, तसं.

मी दाराकडे सरकलो. फळी उचलायला हात घातला.

कानाशी, अगदी कानाशी, आवाज आला...

"मास्तरच्या पोरा. आकडा कुणी दिला?"

फळी माझ्या बोटांवर आली. पडली नाही... दाबली. वरून कुणीतरी भार दिल्यासारखी. मी ओरडत होतो आणि तो एकच विचारत होता.

"आकडा कुणी दिला? आकडा कुणी दिला?"

बायको धावत आली तेव्हा फळी हलकी झाली. दोन बोटं मोडली होती.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून आलो. आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. 'आकडा' म्हटल्यावर तिच्या हातातला पेला खाली गेला.

"कसला आकडा गं?"

ती उठून निघून गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी बाबांच्या एका जुन्या सोबत्याला मी फोन लावला. त्याने समजावलं. गाडी सोडण्याआधी मास्तर फाटकावर फोन करायचा. फाटक लावलं की तिथला माणूस त्याच्याजवळच्या कागदावरचा पुढचा आकडा सांगायचा. तो वहीत लिहिला की मगच सिग्नल पडायचा. आकडा म्हणजे फाटकवाल्याचा शब्द.

"त्या अपघाताच्या दिवशीही वहीत आकडा होता," तो म्हणाला. "फाटकवाला बिचारा ओरडत राहिला, 'मला फोनच आला नाही' म्हणून. पण वहीपुढे माणसाचं काय चालतं?"

मी खोलीत गेलो. डाव्या हाताने नकाशात फाटक काढलं. मापात बसो न बसो. बंद फाटक, रस्त्यावर आडवी दांडी.

सकाळी दांडी उभी होती. फाटक उघडं.

पुन्हा बंद काढलं. पुन्हा उघडं. आज अकरावा दिवस. पाटी रंगवून आलीय, तिच्यावर बाबांचं नाव आहे, आणि ती लावायला माझा हात होत नाही. हे लिहितोय तेव्हाही आतून इंजिनाची घरघर येतेय... मी ते सोडलेलं नाही. ते कोण चालवतं, मला ठाऊक नाही. त्याला माझ्याकडून काय हवंय, तेही नाही.

आत्ता आई आली. दारातल्या फळीपाशी उभी राहिली. माझ्याकडे नाही, नकाशाकडे बघत बोलली.

"फोन बंद पडला होता रे. गाडी खोळंबली होती. हे म्हणाले, तो कधी चुकत नाही, वेळ झाली की लावतोच फाटक. त्याच्या कागदाची दुसरी प्रत ह्यांच्याच कपाटात असायची. तीतून आकडा उतरवला."

मी पेन खाली ठेवलं.

"चौकशीच्या दिवशी खरं सांगायला निघाले होते. चपला घातल्या होत्या. तू तापाने फणफणला होतास. मी तुला त्यांच्या पायांपुढे आणून ठेवलं आणि म्हटलं, आता ओलांडून जा."