साबण आधी की निकाल

पैज लागली ती साबणाच्या एका वडीवरून, आणि लावणारे दोघंही चांगले केस पिकलेले. तळमजल्यावरचे टेलरमास्तर जिन्याखालच्या बेसिनपाशी हात धूत म्हणाले, "साहेब, माझं ऐका. तुमची केस संपेल, पण ही वडी संपायची नाही."

वकीलसाहेब हसले. हसले म्हणजे तोंड आंबट केलं. त्यांना हसणं तसंच जमायचं. "मास्तर, कोर्टाच्या दोन तारखांमध्ये लोकांची लग्नं होऊन पोरं रांगायला लागतात. आणि हे बेसिन अख्ख्या बिल्डिंगचं. वडी कधीच चपटी होईल."

"मग लावता का?"

"लावली. हरेल त्यानं साबणाचा एक घास घ्यायचा. इथंच, सगळ्यांसमोर."

"न थुंकता!"

"न थुंकता."

वरच्या कठड्यावरून वकिलांची बायको ओरडली, "अहो, आपलीच केस रखडणार म्हणून पैज लावणारा वकील मी पहिल्यांदा बघतेय!"

सगळी बिल्डिंग खिदळली. मास्तरांनी तर हाताचा फेस उडवून दाखवला.

या वकिलांना बिल्डिंगमध्ये लिंबूसाहेब म्हणत. चेहरा कायम लिंबू चावल्यासारखा. त्यात त्यांचा दोष नव्हता. माणसाचा सगळा जन्म मशीनमध्ये सापडलेल्यांच्या केसेस लढण्यात गेला होता. कुणाची बोटं गेलेली, कुणाचे डोळे तेजाबानं पांढरे झालेले, कुणी परांचीवरून कोसळून मानेखाली लाकूड झालेला. ते बघून त्यांना मळमळत नसे. मळमळायचं ते कंपन्यांची उत्तरं वाचताना. 'कामगाराचा हात रोलरमध्ये आढळून आला.' जसा काही हात जेवण झाल्यावर फिरायला गेला होता आणि वाट चुकला. अशी वाक्यं वाचून वाचून तोंड आंबलं ते आंबलंच.

साबणही त्याच धंद्यातून आला होता. समोरच्या पार्टीचा वकील हा इतका गुळगुळीत माणूस की त्याच्यावर माशी बसली तर घसरावी. पहिल्याच तारखेला त्यानं एक खोका पुढं केला. "घ्या साहेब. आमच्या कारखान्याचा माल. मी स्वतः हाच वापरतो." लिंबूसाहेबांनी तो दोन बोटांत धरून घरी आणला आणि वडी वर्तमानपत्राच्या कागदानं उचलून बेसिनवर ठेवली. स्वतः त्या वडीला कधी हात लावला नाही. ज्या कारखान्यावर खटला, त्याच्याच साबणानं हात धुवायचे? किळस येते हो.

खटला एका बाईचा होता. नवरा साबणाच्या कारखान्यात कढया खरवडायचा. कढई म्हणजे खोलीएवढी लोखंडी टाकी. रिकामी झाली की माणूस शिडीनं आत उतरतो आणि बुडाला चिकटलेलं खरवडून काढतो. मग वरून चरबी, कॉस्टिक सोडा, खालून वाफ. एके दिवशी नवरा कामावर गेला आणि परत आला नाही. चपला शिडीखाली सापडल्या. कंपनी म्हणाली, पळून गेला असेल, पुरुषांचं काय सांगावं.

"चपला सोडून?" लिंबूसाहेबांनी विचारलं होतं.

"बाई असेल कुणी दुसरी," गुळगुळीत वकील म्हणाला. "घाईत असेल."

बाईला भरपाई नाही, ते एक वेळ ठीक. पण ती लिंबूसाहेबांच्या ऑफिसात खुर्चीच्या अगदी कडेवर बसून एवढंच म्हणाली, "साहेब, रडू की वाट बघू, एवढं तरी मला कुणीतरी सांगा."

त्यांनी कारखान्यातला त्या दिवसाचा माल तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: चरबी, कॉस्टिक, सुवास. चरबी कुणाची, हे विचारायला त्या कागदावर रकाना नव्हता. लिंबूसाहेबांनी तो वाचला आणि खिडकी उघडली.

इकडे वडी संपेना.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. धुणीभांडी करणाऱ्या बाया, ग्रीस लागलेला पहिल्या मजल्यावरचा गॅरेजवाला, दिवसभर घाण करणारी पोरं, सगळे तिच्यावर तुटून पडलेले. तरी वडी जशीच्या तशी. तिच्यावरची कंपनीच्या नावाची अक्षरंसुद्धा झिजली नाहीत. "मास्तर, रोज नवी ठेवताय," असं म्हणत साहेबांनी वडीला खिळ्यानं ओरखडा काढून ठेवला. ओरखडा तिथंच राहिला.

"पण फेस गरम येतो हं," वकिलांची बायको एकदा म्हणाली.

"गार पाण्यात?"

"अहो, म्हणजे... अंगासारखा."

त्याच दिवशी तिनं ओट्यावर पातेलं आपटलं आणि तिची बोटं ओट्यावर वाजली. टक-टक. मग जरा थांबून, टक.

"हे काय?"

"काय हे काय?" तिला पत्ताच नव्हता.

नंतर ते सगळीकडे ऐकू यायला लागलं. मास्तरांच्या हातून कात्री टेबलावर पडली की त्यांची बोटं लाकडावर: टक-टक, टक. गॅरेजवाल्यानं शटर ओढलं की शटरवर: टक-टक, टक. कुठंही एक ठोका पडला की त्याला उत्तर यायचं. खोड लागते माणसाला, साहेबांनी स्वतःला समजावलं. जांभई नाही का एकाची दुसऱ्याला लागत.

मग साक्षीच्या तयारीला बाई आली. साहेबांनी सहज विचारलं, "वाफ सोडण्याआधी आत कुणी आहे का हे बघायची काही पद्धत?"

"आहे ना. मुकादम पान्यानं पाइपावर एकदा ठोकतो. म्हणजे, आहे का कुणी? आतला माणूस खरवडणीनं उत्तर देतो. हे घरी जेवायला बसले तरी वाजवायचे, मी हाक मारली की." तिनं टेबलावर बोटाचं पेर आपटलं. टक-टक. जरा थांबून, टक.

लिंबूसाहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"मी आत आहे. थांबा."

त्या कारखान्यातून रोज ढिगानं वड्या निघतात, साहेब घरी जाताना मनाशी म्हणत होते. आणि जे कोर्टात मांडता येत नाही, ते आपण मानत नाही. बेसिनजवळून जाताना मात्र त्यांनी श्वास रोखून धरला.

मुकादमाची साक्ष भर दुपारी होती. कोर्टात पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. मुकादम पाठ केलेलं बोलत होता.

"वाफ सोडण्याआधी ठोकलंत?"

"ठोकलं."

"आतून उत्तर?"

"नाही आलं. कढई रिकामी होती."

"ऑब्जेक्शन!" गुळगुळीत वकील उठला. दोघांची जुंपली. न्यायाधीशांनी वैतागून टेबलावर पेपरवेट आपटला. एकदा.

गुळगुळीत वकिलाचा हात टेबलावर होता. सुंदर हात, नखं कापलेली, सुवास येणारा.

टक-टक. टक.

बाईनं मान वर केली.

"काय वाजवताय?" न्यायाधीश म्हणाले.

"मी? नाही, साहेब..."

पेपरवेट पुन्हा आपटला.

टक-टक. टक.

त्यानं दुसऱ्या हातानं तो हात दाबून धरला. आता दोन्ही हात वाजू लागले.

मुकादम पिंजऱ्याचा कठडा धरून खाली बसला. "बंद करा," तो म्हणाला. मग किंचाळलाच, "वाफ बंद करा, तो आत आहे! तेव्हाही असंच वाजत होतं! मी सांगितलं होतं आमच्या साहेबांना! साहेब म्हणाले, माल अडलाय, सोड!"

गुळगुळीत वकील स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. कॉस्टिक पडल्यावर माणूस बघतो तसा.

बाई रडली. पहिल्यांदाच, मोकळी होऊन.

निकाल लगेच लागला. बाईला भरपाई, आणि कारखान्याचे साहेब आणि मुकादम, दोघांवर गुन्हा. लिंबूसाहेब खटला जिंकून घरी आले तर अंगणात सगळी बिल्डिंग जमलेली, आणि बेसिनवर ती वडी. खिळ्याचा ओरखडा, सगळी अक्षरं. जशीच्या तशी.

"साहेब, हरलात!" पोरं नाचत होती.

मास्तर मात्र उतरल्या चेहऱ्यानं म्हणाले, "राहू द्या साहेब. गंमत होती. टाकून देऊ."

साहेबांनाही तेच हवं होतं. पण नाही म्हणणं म्हणजे ते मानणं. मानलं तर मग रोज या बेसिनवर काय चाललं होतं, तेही मानावं लागलं असतं. बायकोच्या हातांचं, पोरांच्या तोंडाचं. त्यापेक्षा साबण हा साबणच बरा.

त्यांनी वडी उचलली. कोमट होती.

डोळे मिटून चावा घेतला. मऊ लागली, नको तितकी. साबणाची चव नव्हतीच. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी तोंड गच्च मिटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि घास उतरला.

"शाब्बास!" वरून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात फाटकातून ती बाई आत आली, साहेबांचे आभार मानायला. गर्दी बाजूला झाली. तिनं बेसिन बघितलं, वडी बघितली, वडीवर उमटलेले दात बघितले.

तिनं बोट वाकवून बेसिनच्या कडेवर हळूच ठोकलं. एकदा.

अंगणात एकाचंही बोट हललं नाही. मास्तरांचं नाही, वकिलांच्या बायकोचं नाही, कुणाचंच नाही. सगळे हात पहिल्यांदाच गप्प होते.

आणि लिंबूसाहेबांच्या मिटलेल्या तोंडात दातांवर दात वाजले. टक-टक.

जरा थांबून, टक.